चर्चच्या मागची गाडी

कॅझिमिर नोव्हिन्स्कीला कुणी जेवायला बोलावलं, की तो आधी त्या घराचं दार उघडून, लावून, पुन्हा उघडून बघायचा आणि मग घरच्या माणसांकडे वळायचा. फ्रिज असो, कपाट असो, कोंबड्यांचं खुराडं असो, दार दिसलं की त्याचा हात गेलाच. एकदा चर्चमध्ये कबुलीजबाब द्यायला गेला, तेव्हा पापांच्या आधी त्याने फादर ड्युगनना तिथल्या दाराची वरची बिजागरी सैल झाल्याचं सांगितलं. फादरनी ही गोष्ट गावभर केली. बिजागरी पापात मोडत नाही, तेव्हा ती बाहेर सांगायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

कॅझचा दोष नव्हता. आमच्या ऑटर बेंड गावात मेरिवेल मोटारींचा कारखाना होता आणि कॅझने उभं आयुष्य तिथे पुढचं डावं दार बसवलं. मागचं नाही, उजवं नाही. मी काही वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून दाराच्या कडेला रबराची पट्टी ठोकली, म्हणून मला माहीत. दार बसवलं की तो ते एकदा लावायचा आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचा. आवाज जाड आणि बुटका आला पाहिजे, असं तो म्हणायचा. आला नाही तर पुन्हा बिजागरी. मागे लाइन तुंबायची, मुकादम ओरडायचा, आणि कॅझ आपला गाडीला कान लावून उभा.

मेरिवेलची कथा आमच्याकडे शाळेत शिकवायचे. म्हातारा इलायस मेरिवेल गवताच्या घोडागाड्या बांधायचा. घोडा मेला तेव्हा त्याने दुसरा घोडा घेण्याऐवजी इंजिन घेतलं, हा आमच्या गावाचा आरंभ. युद्धात कारखान्याने लष्कराचे ट्रक बांधले. युद्धानंतर मार्शल नावाची गाडी आली, लांबीला एवढी की पुढचा भाग कोपऱ्यावर वळला तरी मागचा चर्चसमोरच असायचा. त्या दिवसांत देशभरातले डॉक्टर आणि वकील मार्शल चालवायचे. मग पेट्रोल महागलं आणि साहेबांनी घाईघाईने पिपिट ही छोटी गाडी काढली. पिपिटबद्दल मी जास्त बोलत नाही, ती बांधणाऱ्यांतला मी एक आहे. तिची खिडकी आपोआप खाली यायची, तीही पाऊस बघून. शेवटी एका मोठ्या कंपनीने मेरिवेल विकत घेतली, थोडे दिवस नाव वापरलं आणि कारखान्याला कुलूप लावलं. मी बेकरी टाकली. कॅझ घरी बसला आणि घरातली सगळी दारं पुन्हा बसवली.

गावाचे दोन नियम मात्र कारखाना गेल्यावरही राहिले. एक म्हणजे ज्याची गाडी मेरिवेल नाही, त्याने ती कुणाच्या दारात लावायची नाही, चर्चच्या मागच्या पटांगणात लावून चालत यायचं. दुसरा मयताचा. कारखान्याच्या घरातलं माणूस गेलं की शववाहिकेमागे फक्त मेरिवेल गाड्या जायच्या. अंत्ययात्रा कारखान्याच्या तीन नंबरच्या फाटकावरून नेऊन तिथे प्रत्येकाने एकदा हॉर्न द्यायचा. बाकीच्या गाड्यांनी नदीकडच्या रस्त्याने आधीच दफनभूमीवर जाऊन थांबायचं. दोन्ही नियम कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून मोडायचीही सोय नव्हती.

कॅझची एकुलती एक मुलगी लोरेटा तासाभरावरच्या शहरात शिक्षिका होती. तिच्याकडे पिपिटच होती, बापाने हौसेने घेऊन दिलेली. एका हिवाळ्यात ती पिपिट रेल्वेच्या रुळांवर बंद पडली. मागच्या सीटवर लोरेटाचं तान्हं मूल झोपलेलं. आगगाडी यायच्या आत एका ट्रकवाल्याने ती ढकलून बाहेर काढली. दुसऱ्याच आठवड्यात लोरेटाने जपानी गाडी घेतली.

ती पहिल्यांदा त्या गाडीतून आली तेव्हा कॅझ अंगणात बर्फ ओढत होता. फावडं आडवं धरून रस्त्यावर उभा राहिला.

"घ्यायच्या आधी मला विचारायचं होतंस," तो म्हणाला. "मी बघितली असती पिपिट."

"तुम्ही तिचं दार बघितलं असतं, बाबा."

कॅझला हे फार लागलं. त्याच्यावर कुणी हसलं तर तो बरोबर हसायचा, पण दारावर कुणी हसलेलं त्याला चालायचं नाही. लोरेटाला त्याने चर्चच्या मागची जागा दाखवली. लोरेटा म्हणाली की माझं मूल ज्या गाडीत सुरक्षित आहे ती जिथे नको, तिथे मीही नको. बापासारखी हट्टी. दोघांचं नाकही एकच होतं.

यात मध्ये सापडली स्टेफा, कॅझची बायको. नवरा उंच, ही त्याच्या कोपराएवढी. तिने भांडण केलं नाही, रडली नाही. दर गुरुवारी बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांसारख्या पिरोगी डब्यात भरायची, चर्चला जाते म्हणून सांगायची, आणि चर्चच्या मागे लोरेटाच्या गाडीत बसून मायलेकी जेवायच्या. खोटं काही नव्हतं, चर्चलाच जात होती. बाहेर बर्फ, आत हीटर, काचांवर वाफ. नातू मागच्या सीटवर रांगायला शिकला, पुढे तिथेच बेरीज-वजाबाकी शिकला. माझ्या बेकरीचं मागचं दार त्या पटांगणात उघडतं. मी कॉफी नेऊन द्यायचो, तेव्हा स्टेफा काच खाली करून म्हणायची, "ऑगी, आमच्या बंगल्यात ये की."

कॅझला हे ठाऊक होतं का? गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. गुरुवारी तो बायकोला स्वतःच्या मार्शलमधून सोडायला यायचा, पण चर्चच्या कोपऱ्याच्या अलीकडेच थांबायचा, म्हणजे ती गाडी दिसायला नको. पुढचं ती चालत जायची. अशी वर्षं गेली.

मग स्टेफा आजारी पडली. उपचार शहरातल्या इस्पितळात. पहिल्या खेपेला कॅझने तिला मार्शलमधून नेलं. त्या गाडीला तो मुलासारखा जपायचा, पण आमच्याकडे बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ सगळं खातं. खालचा पत्रा गेला होता, हीटर फक्त चालवणाऱ्याच्या पायांवर फुंकायचा, आणि खिडकीचं हँडल निघून कॅझच्या खिशात राहायचं. स्टेफा परत आली ती निळी पडून. त्यानंतर लोरेटाच न्यायची. कॅझ बायकोला मार्शलमधून कोपऱ्याच्या अलीकडे आणायचा, आणि ती आजारी बाई भिंतीला हात लावत लावत पुढे जायची. शेवटी शेवटी चालवेना, तेव्हा त्याने तिला उचलून नेलं. मान वळवून, दुसरीकडे बघत. तिला सीटवर ठेवलं आणि दार न लावता मागे फिरला. ते मी पाहिलं. कॅझने उघडं दार तसंच सोडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दार लोरेटाने येऊन लावलं.

मार्चमध्ये स्टेफा गेली.

दफनाच्या आदल्या संध्याकाळी शवपेटीपाशी बापलेकीचं बोलणं झालं, हळू आवाजात, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. कॅझ म्हणाला, उद्या मार्शलमध्ये माझ्या शेजारी बस. लोरेटा म्हणाली, "त्या गाडीत आई गारठली. मी तीत बसणार नाही. आईच्या मागे जाईन तर माझ्या गाडीतून जाईन. मला नदीकडच्या रस्त्याने पाठवलंत, तर मी दफनभूमीवर येईन, माती टाकेन आणि जाईन. पुन्हा या गावात नाही."  कॅझने शवपेटीचं झाकण हळूच दाबून बघितलं.

सकाळी गाड्या रांगेत लावायचं काम माझ्याकडे होतं. पूर्वी नोव्हिन्स्कींसारख्या घरातलं मयत असतं तर चर्चपासून पुलापर्यंत मेरिवेल लागल्या असत्या. आता गावात चालत्या गाड्या बोटांवर मोजाव्या एवढ्या. त्यातल्या निम्म्या चालत्या म्हणजे उतारावर. इंजिन विभागातला वॉल्ट कमिन्स्की आपल्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून दुसऱ्याची गाडी सुरू करत होता आणि ती सुरू झाली की याची बंद पडत होती. काळ्या कोटांतले म्हातारे एकमेकांना ढकलत होते, एकमेकांच्या विभागांना नावं ठेवत होते. रंगवाले म्हणायचे इंजिनवाल्यांनी कंपनी बुडवली, इंजिनवाले म्हणायचे रंगाखाली दुसरं होतं काय. स्टेफा असती तर पोट धरधरून हसली असती.

कॅझची मार्शल मात्र किल्ली फिरवताच सुरू झाली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तो स्वतःच दचकला. थोडा वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून बसला, मग उतरला आणि मला म्हणाला, "चल जरा. मुलीला रस्ता सांगायचाय."

कोपऱ्याशी तो सवयीने थांबला. मग वळला.

पटांगणात ती एकच गाडी उभी होती. लोरेटा आत बसलेली, स्टीअरिंगवर हात. आम्हाला बघून तिने काच खाली केली.

"सांगा, बाबा. कुठल्या रस्त्याने जाऊ?"

"नदीकडच्या," कॅझ म्हणाला, "तुला तर माहीतच—" आणि थांबला.

चालकाशेजारची सीट अगदी पुढे ओढलेली होती, डॅशबोर्डला टेकेल इतकी. सीटवर एक चपटी झालेली उशी होती. तिची निळी खोळ मी ओळखली, कॅझच्या घरातल्या पडद्याचंच ते कापड. दाराच्या खणात स्टेफाचा वाचायचा चष्मा होता, जपमाळ होती आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद होते, एकात एक नीट खोचलेले.

"सीट इतकी पुढे कशाला?" कॅझने विचारलं.

"तिचे पाय हीटरपर्यंत पुरायचे नाहीत."

कॅझ वळसा घालून त्या बाजूला गेला. मला वाटलं आता तो उशी मागून घेणार. त्याने दार उघडलं. लावलं. मान तिरकी केली. पुन्हा उघडून लावलं. आवाज जाड आणि बुटका आला.

"हे कुणी बसवलं?"

"मला काय माहीत, बाबा? असेल कुणीतरी तिकडचा."

"नीट बसवलंय," तो म्हणाला. नाक पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला, तर त्यात गुंडाळून मार्शलच्या खिडकीचं हँडल बाहेर आलं. ते माझ्या हातात देऊन म्हणाला, "मार्शल तू आण, ऑगी. दुसऱ्या गिअरला हळू घे."

आणि तो आत शिरायला लागला. आधी एक पाय, मग डोकं, मग बाकीचा कॅझ, उशी मांडीवर घेऊन. गुडघे हनुवटीपर्यंत आले. टोपी छताला लागून नाकावर उतरली.

"बाबा, खाली दांडी आहे. ओढा, सीट मागे जाईल."

"असू दे."

"गुडघे मोडतील तुमचे."

"असू दे म्हटलं ना. तिची आहे ती."

लोरेटाने तोंड दुसरीकडे फिरवलं. मी दार लावलं. माझ्याकडून ते जरा जोरातच लागलं आणि कॅझने आतून माझ्याकडे रागाने पाहिलं.

शववाहिकेमागे जपानी गाडी येऊन उभी राहिली तेव्हा वॉल्ट कमिन्स्की हातातल्या वायरी टाकून तरातरा आला. हे काय आणून उभं केलंस, मला विचारलं. मी म्हटलं, आत बघ. त्याने वाकून काचेतून बघितलं. ते गुडघे, ती उशी. मग टोपी काढली आणि निमूट आपल्या गाडीकडे गेला.

मी मागे मार्शलमध्ये. खिडकीचं हँडल माझ्या मांडीवर, उघड्या फटीतून वारं कानात. तीन नंबरच्या फाटकाच्या आत आता काही नाही, सगळं मैदान आहे, मळकं बर्फ आणि वाळलेलं गवत. फाटक तेवढं उभं आहे. शववाहिका तिथे हळू झाली. पहिला हॉर्न पहिल्या गाडीने द्यायचा असतो. लोरेटा देईना. तिला वाटलं असेल, आपल्याला काय अधिकार? मला पुढे कॅझचा लांब हात बाजूला जाताना दिसला. हॉर्न वाजला, बारीक, बदकाच्या पिल्लासारखा.  मग मी मार्शलचा हॉर्न दाबला आणि माझ्या मागे एकेकाने दिला, ज्यांचे चालत होते त्यांनी.

दफनभूमीवर कॅझला त्या सीटमधून ओढून काढायला मी आणि वॉल्ट लागलो. त्याचे पाय मेले होते. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो खड्ड्यापर्यंत गेला, आणि बघणाऱ्यांना वाटलं दुःखाने त्याला उभं राहवत नाही. तेही खोटं नव्हतं.

लोरेटा अजून गुरुवारी येते. कॅझने तिला गाडी थेट अंगणात आणायला सांगितलं. तिने आणलीही, दोन-चार वेळा. मग तोच म्हणाला, स्वयंपाकघरात बसून बोलायला सुचत नाही, तीन खुर्च्या दिसतात. तेव्हा आता तो कोपऱ्यावरून वळून चालत येतो आणि चर्चच्या मागे त्या गाडीत गुडघे दुमडून बसतो. पिरोगी बाजारच्या असतात, चिवट. गेल्या आठवड्यात मी कॉफी घेऊन गेलो तर काच खाली आली.

"ऑगी," तो म्हणाला, "ती इथे चालत यायची ना, त्या कोपऱ्यापासून?"

मी म्हटलं, हो.

"मी तिथे थांबायचो."

 लोरेटाने त्याच्या हातातला कप धरला, सांडू नये म्हणून. मी परत फिरलो. मागे दार उघडून पुन्हा लावल्याचा आवाज आला, जाड आणि बुटका, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा.