मिल्काताईंनी वर केलेला हात

मिल्का पेणकर लंडनमधल्या एजवेअरजवळच्या आमच्या वॉर्डातून सात वेळा कौन्सिलवर निवडून आल्या. मी त्यांची पत्रकं वाटायचो, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

त्या पेणच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. एकाहत्तर साली नर्स म्हणून लंडनला आल्या आणि चौऱ्याण्णव साली पहिल्यांदा उभ्या राहिल्या. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी प्रचार करणार नाही, असं त्यांनी पक्षाला आधीच सांगितलं. दारोदार फिरायचा मुख्य दिवस तोच, म्हणून लोक वैतागले. "मग रविवारी दुप्पट फिरेन," त्या म्हणाल्या, आणि फिरल्या. सिनॅगॉगमध्ये त्यांना विचारायचे, तुम्ही ज्यू कशा? मराठी घरांत विचारायचे, तुम्हाला मराठी कसं येतं?

प्रचारात एका दारी भेटलेल्या पुरुषोत्तम लेल्यांनी तसं काही विचारलं नाही. नाव ऐकताच म्हणाले, "पेणकर? म्हणजे शनवारतेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे! अहो, आमच्या पेणच्या घरी तुमच्याच घाण्यावरचं तेल यायचं." त्या दिवशी गप्पांत पुढची अकरा घरं राहून गेली.

पुढे लेलेकाकांची पत्नी वारली, त्यांची स्मृती जाऊ लागली आणि ते कौन्सिलच्या केअर होममध्ये राहायला गेले. हळूहळू त्यांचं इंग्रजी पुसलं गेलं, उरली फक्त मराठी. मुलगी अर्चना जवळच्याच स्टॅनमोरहून रोज संध्याकाळी यायची. मंगळवारी दुपारी मिल्काताई जायच्या आणि त्यांच्याशी पेणच्या बाजाराबद्दल बोलत बसायच्या.

दोन हजार अकरा साली खर्चकपात आली. ते होम बंद करायचा ठराव पक्षानेच मांडला. चौतीस म्हातारी माणसं तिथे राहत होती. पक्षाच्या बैठकीत ताई विरोधात बोलल्या. मग नेत्यांनी त्यांना बाजूला घेतलं. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. सभागृहात मतं मोजायची वेळ आली तेव्हा मी वरच्या गॅलरीत बसलो होतो. ताईंनी हात वर केला, ठरावाच्या बाजूने.

लेलेकाकांना लंडनबाहेर, मेडनहेडच्या पलीकडच्या एका होममध्ये हलवलं. अर्चनाला नोकरी सांभाळून रोज तिथे पोचणं अशक्य होतं. तिथे त्यांचं बोलणं कुणालाच कळेना. ते पाणी मागायचे आणि लोक त्यांना बाथरूमकडे न्यायचे. एकोणिसाव्या दिवशी ते गेले.

अंत्यविधीला मिल्काताई आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. बाहेर पडताना अर्चना त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही हात वर केला होतात ना?"

"हो."

"का?"

होमची इमारत धोकादायक असल्याचा रिपोर्ट होता. तो त्यांना पुढे करता आला असता. त्या म्हणाल्या, "घाबरले. पुढच्या वेळी तिकीट मिळणार नाही म्हणाले होते."

अर्चना गाडीत जाऊन बसली.

पुढच्या सभेत ताई उठल्या. "तो निर्णय चुकीचा होता. मला ते माहीत होतं, तरी मी मत दिलं. हे रेकॉर्डवर घ्या." चौदा साली पक्षाने त्यांना खरंच तिकीट नाकारलं. पासष्टी उलटली होती, गुडघे गेले होते, तरी त्या अपक्ष उभ्या राहिल्या. आम्ही पाचजण त्यांच्याबरोबर होतो. एका रविवारी ताईंच्या दारात अर्चना उभी.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"तू करावंस असं मी म्हणणारही नाही."

"पत्रकं द्या. कुठली गल्ली राहिलीय?"

ताई एकसष्ट मतांनी निवडून आल्या.

पुढची दोन वर्षं त्या एकाच गोष्टीच्या मागे लागल्या होत्या. केअर होममध्ये माणसाला ठेवायचं किंवा तिथून हलवायचं असेल, तर तो कुठली भाषा बोलतो आणि त्याला भेटायला कोण, किती लांबून येतं, हे आधी लिहून घ्यायचं आणि मगच जागा ठरवायची. ठराव दोनदा पडला. तिसऱ्यांदा जुन्या पक्षातल्या चौघांनी त्यांना साथ दिली आणि तो मंजूर झाला. त्या संध्याकाळी मी अभिनंदन केलं, तर म्हणाल्या, "पाच वर्षं उशीर झाला रे."

दोन हजार बावीसमध्ये त्या थांबल्या आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत वारल्या. दफनाच्या वेळी चिखल झाला होता. एकेकाने फावड्याने माती लोटायची असते. अर्चनाला ती रीत माहीत नव्हती. ताईंच्या मुलाने तिला बोलावून घेतलं. तिने तीनदा माती लोटली आणि फावडं खाली ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहिली.

केअर होमच्या जागी आता फ्लॅट्स आहेत. भाषेचा तो रकाना मात्र फॉर्मवर अजून आहे. परवा कौन्सिलच्या ऑफिसात आमच्या शेजारच्या आजोबांचा केअर होमसाठीचा फॉर्म भरताना तिथल्या मुलीने विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?" आजोबा म्हणाले, "गुजराती." तिने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.