दक्षिण कुठे आहे, ते मला माहीत आहे!

माझ्या सासूबाईंना आश्चर्य वाटत नाही. ती सोयच त्यांच्यात नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ऑकलंडला, हेन्डरसन भागातल्या घरी आल्या. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. मोजून, लेबल लावून, वेळेवर देणे हा धंद्यामुळे माझा स्वभावच झालेला. त्यामुळे ‘आईंना दाखवायच्या गोष्टी’ अशी यादी फ्रिजवर लावली आणि कामाला लागले. गरम पाण्याचे झरे दाखवले. ‘‘वज्रेश्वरीला आहेत.’’ गुहेतले काजवे दाखवले. ‘‘भंडारदऱ्याला पोत्याने मिळतील.’’ समुद्रात नेऊन देवमासा दाखवला. ‘‘नुसती शेपटी दाखवली गं त्याने. अर्धाच आला.’’

परतीचं तिकीट जवळ आलं, यादी संपत आली, आणि सासूबाईंच्या तोंडून एकदाही ‘अगंबाई!’ निघालेलं नव्हतं. माझ्यासाठी हा आता इभ्रतीचा प्रश्न झाला होता.

तेवढ्यात आमच्या वॉर्डातल्या नर्सने बातमी दिली. उत्तर ध्रुवाकडचे लोक ज्याला नॉर्दर्न लाइट्स म्हणतात, त्याचं धाकटं भावंड आपल्याकडे दक्षिणेच्या आकाशात दिसतं. ध्रुव इथून लांब असला, तरी दक्षिण बेटावरच्या डोंगरातून या हिवाळ्यात दिसतंय म्हणे. ‘‘हीप्स ऑफ कलर्स! फक्त दक्षिणेला बघत राहायचं.’’

वज्रेश्वरीला हे नाही! भंडारदऱ्यालाही नाही! मी त्याच दिवशी रजा टाकली.

सगळे दक्षिण बेटावर पोहोचलो आणि टेकापो गावाच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक उघडा माळ मी भर दुपारीच हेरून ठेवला. नवरा, सुधीर, नकाशा काढू लागला.

‘‘नकाशा कशाला? दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. चौथीत शिकलोय आपण. तो बघ सूर्य. तीच दक्षिण!’’

‘‘नक्की ना, नीला?’’

‘‘स्कॉलरशिपला होतं हे.’’

सुधीरने नकाशा मिटून ठेवला. (त्याला स्कॉलरशिप मिळालेली नव्हती.)

हिवाळ्यात तिथे संध्याकाळीच गुडुप अंधार होतो. जेवणाच्या वेळेला आम्ही माळावर हजर. घडीच्या खुर्च्या, घोंगड्या, गरम पाण्याच्या पिशव्या, चहाचा थर्मास, आणि डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद लावलेला टॉर्च. सासूबाई कानटोपी, दोन स्वेटर, पातळ, पायमोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा वेषात. मी, सुधीर आणि दहा वर्षांची मुग्धा असे तिघे दक्षिणेला तोंड करून ओळीने बसलो. मेथीचे पराठे उघडले.

‘‘मी नाही बाई दक्षिणेकडे तोंड करून जेवायची,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘ती यमाची दिशा.’’

‘‘आई, आपण आलोय कशासाठी? दक्षिणेला बघायलाच ना!’’

‘‘बघेन की. आधी जेवते, मग वळते.’’

आणि त्यांनी आपली खुर्ची उचलून आमच्यासमोर मांडली. आम्ही दक्षिणेकडे बघतोय, आणि मधोमध आमच्याकडे तोंड करून सासूबाई जेवताहेत. कीर्तनाला बसल्यासारखं दृश्य!

थोड्या वेळाने त्यांचा घास हातातच राहिला.

‘‘नीला, तुझ्या डोक्यामागे काहीतरी लाल आहे.’’

‘‘माझी कानटोपी आहे, आई.’’

‘‘कानटोपी नव्हे गं. आकाश!’’

‘‘माझ्या मागे उत्तर आहे. उत्तरेला काही नसतं. तुम्ही जेवा.’’

मी टॉर्च त्यांच्या ताटाकडे वळवला. त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचा लालभडक दिसत होत्या. टॉर्चचा कागद फार छान बसलाय, असं मला वाटलं!

‘‘आई, कॅन आय टर्न अराउंड?’’ मुग्धा म्हणाली.

‘‘नाही! कुणीही वळायचं नाही. तू वळशील आणि नेमकं तेव्हाच इकडे सुरू होईल!’’

‘‘बट आजी सेज...’’

‘‘आजीला थंडी बाधलीय. पुढे बघ.’’

पुढे, दूरवर, क्षितिजाशी एक पिवळट उजेड होता. मी जोरात ओरडले, ‘‘तो बघा! सुरू झालं!’’ सुधीरने धडाधड फोटो काढले. (ते कुठल्याशा गावातले रस्त्यावरचे दिवे होते. ते सुरूच असतात.)

‘‘आता हिरवंसुद्धा आलं गं,’’ सासूबाई उठून उभ्या राहिल्या. ‘‘खांब उभे राहिलेत मोठाले. आणि चालताहेत! सुधीर, मेल्या, वळून बघ की!’’

‘‘आई, थोडा चहा घे,’’ सुधीर माझ्याकडे बघत हळूच म्हणाला.

‘‘अगंबाई!’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘अगंबाई, अगंबाई, अगंबाई!’’

अखेर मेथीचा पराठा चालला म्हणायचा! मी सुधीरला खूण केली, ‘‘काढ, काढ, फोटो काढ!’’ आणि पराठ्याचं एवढं कौतुक होत असताना तो नुसता काय खायला घालायचा, म्हणून लोणचं आणायला गाडीकडे वळले.

डोंगरामागे लाल उजेडाची एक शेवटची चिरी होती. गॅसची शेगडी बारीक करत करत बंद करावी, तशी ती माझ्यादेखत विझली. मग ढग आले.

‘‘सुधीर,’’ मी म्हणाले, ‘‘ती दक्षिण आहे?’’

सुधीरने नकाशा काढला, टॉर्च मारला आणि नकाशा उलटसुलट फिरवून पाहिला. मग म्हणाला, ‘‘इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो गं. आपल्या घरात ऊन येतं, ती उत्तरेची बाजू नाही का?’’

होती! घर घेताना एजंट ‘‘नॉर्थ फेसिंग, स्वीट ॲज!’’ (म्हणजे एकदम झकास) म्हणाला, तेव्हा वास्तुशास्त्र सांभाळलं गेलं म्हणून मी किती खूश झाले होते. ऊन कुठून येतं हे मी फक्त वाळत घालायच्या पापडांपुरतं बघितलं होतं.

‘‘थांबा,’’ सासूबाई दचकल्या. ‘‘म्हणजे मी दक्षिणेकडे तोंड करून जेवले?’’

पण त्या रात्री त्यांनी यमालासुद्धा माफ केलं.

पुढच्या दोन्ही संध्याकाळी मी खुर्च्या बरोबर दिशेला लावून, दात वाजवत, निर्धाराने बसले. ढगांशिवाय काहीही दिसलं नाही. सासूबाई मोटेलात हीटरपाशी. ‘‘मी पाहिलंय,’’ म्हणाल्या.

रोल धुऊन आला. सगळे फोटो काळेकुट्ट. एकच लख्ख, फ्लॅशमधला: सासूबाई, हातात पराठा, डोळे कपाळात, तोंडाचा हा मोठा आ. तो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘‘या एवढ्या कशाकडे बघताहेत?’’

‘‘सदर्न लाइट्सकडे!’’ मी ताठ मानेने सांगते. ‘‘अगदी आमच्या डोक्यावर होते!’’

‘‘अय्या! कसे दिसतात गं ते?’’

मग मी त्यांना सासूबाईंचा पुण्याचा फोन नंबर देते.