नंबराभोवतीचं वेल्डिंग

जवळा बाजारला आमच्या गाड्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. चेसीचा नंबर ते रंगावरून कधीच वाचत नाहीत. पॉलिश पेपरने घासून आधी लोखंड उघडं करतात, मग कागद ठेवून वर पेन्सिल फिरवतात. मध्येच कोणी बोललं तर "दम धरा हो" एवढंच म्हणतात.

वडिलांच्या पश्चात त्यांची जुनी, दुर्मिळ मोटार मी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, नंबर अस्सल आहे का म्हणून अडून बसलं. मी मिस्त्रींना बोलावलं. रंग निघाला आणि नंबराभोवती वेल्डिंगची चौकोनी रेघ दिसली. नंबराचा तुकडा दुसऱ्या गाडीचा कापून इथं बसवलेला होता.

मी हळूच म्हणालो, "मिस्त्री, कागद लहान घ्या. नुसता नंबर उमटू द्या."

"काहून?" म्हणत त्यांनी मोठा कागद घेतला. चारी बाजूंची रेघ ठळक उमटेपर्यंत पेन्सिल दाबून फिरवली आणि कागद थेट गिऱ्हाइकाला दिला.

"कोणी केलं हे?" गिऱ्हाइकाने विचारलं.

आता वडिलांचं नाव निघणार, म्हणून मी मान खाली घातली.

"म्या केलं," मिस्त्री म्हणाले. "द्या तो कागद इकडं, खाली सही करतो."