मिलिंद, भाकरी आणि आमच्या खोलीतला एसी

डोक्याचा आजार नुसत्या भाकरीवर बरा करणारा आख्ख्या बहरीनमध्ये एकच माणूस झाला, तो म्हणजे मी, दामू. माझं शिक्षण चौथी नापास, काम एसी मेकॅनिकचं, आणि ज्याला मी बरा केला तो मिलिंद माझ्यामुळे बरा झालाच नव्हता, हे मला तो गेल्यावर कळलं.

फोन झिंज भागातल्या आमच्या खोलीखालच्या किराणा दुकानात आला. मल्याळी दुकानदाराने हाक मारली, "दामूभाई, इंडिया से फोन, जल्दी." रजेवर गावाकडे गेलेला मिलिंद तिथेच हार्टने गेला होता. मी फोन ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, अंडी ताजी आहेत का... अंडी मला नको होती. रडू कुठून काढायचं ते समजत नव्हतं.

कुवेतची लढाई संपल्यावर आम्ही दोघं एका खोलीत राहायला आलो. तो ड्राफ्ट्समन, शिकलेला, कुणालाही जय भीम घालताना अर्धा वाकणारा. एकदा म्हणाला, "दामू, हा एसी माझ्याबद्दल बोलतो रे." मी मेकॅनिक, मी एसी खोलला. फॅन पुसला, ऑइल सोडलं, म्हटलं आता नाही बोलणार. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आता हळू बोलतो." मी परत खोलला! जेवणात विष आहे म्हणून त्याने ताट सरकवलं, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की बिघाड एसीत नाही. डॉक्टरने नाव सांगितलं स्किझोफ्रेनिया. मला ते अजून एका दमात म्हणता येत नाही. मिलिंदला भीती एकच, कंपनीला कळलं की व्हिसा कॅन्सल, खलास. गावाकडचं सगळं घर त्याच्या पगारावर होतं.

त्यात जवळच्या सनाबिस गावात राहणारे एक अकाउंटंट साहेब भेटले. ते म्हणाले, डॉक्टरच्या गोळ्या म्हणजे विष, हा सगळा विटॅमिनचा प्रॉब्लेम. गहू बंद, साखर बंद, दूध बंद, आणि विटॅमिन मोठ्या डोसात. साहेब अर्धं इंग्लिशमध्ये बोलले, म्हणजे खरंच असणार. मी मिलिंदला गोळ्या बंद करायला लावल्या आणि स्टोव्हचा ताबा घेतला. रजेवरून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत आमच्यासाठी ज्वारीचं पीठ. मिलिंदला एकटं वाटू नये म्हणून मी पण गहू सोडला. बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी, निघाली की मी नाक दाबून रस्ता बदलायचो. त्याचं विटॅमिन पण एकदा खाऊन पाहिलं. कान, मान, छाती लालभडक, नुसती आग! सुपरवायझर लांबूनच ओरडला, "गोवर! यल्ला, घर जाओ!"

आणि हळूहळू एसी गप्प झाला. मिलिंद जेवायला लागला, ड्युटीवर जायला लागला. हात थोडे कापायचे, झोप फार यायची. मी म्हणायचो, गव्हाचं विष निघतंय. मग माझं तोंड कुठलं थांबतंय... पुलापलीकडच्या मुहर्रक गावापर्यंत गव्हाचं सांगत फिरलो. कुणाचा गुडघा दुखला तरी मी म्हणायचो, गहू सोड. मिलिंद हसायचा. "दामू, तू डॉक्टरच रे." किती गोड म्हणायचा!

रजा मिळेपर्यंत त्याचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेल्यानंतरचा बौद्ध विधी, होऊन गेलं होतं. मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या बायकोसमोर, म्हणजे वहिनींसमोर, भाकरीची कथा लावली. त्यांनी ऐकून घेतली, मग म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरच्या गोळ्या त्यांनी एक दिवसही सोडल्या नव्हत्या."

"कसं शक्य आहे? खोलीत मी असायचो की!"

"एसीत ठेवायचे. जाळीच्या मागे. म्हणायचे, आता दामू काही एसी खोलत नाही. मेकॅनिक स्वतःच्या घरचा कधी साफ करत नाही."

परका माणूस फसवतो तेव्हा शिव्या देता येतात. याला काय देऊ? माझ्या डोक्यावर दोन हात एसी, त्याच्याखाली मी भाकऱ्या थापतोय, आणि हा मला डॉक्टर म्हणतोय. आयुष्यात एक काम धड केलं असं वाटत होतं, ते पण याने जाताना काढून नेलं.

"मला का नाही सांगितलं, वहिनी?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मुहर्रकला कळलं असतं. मग व्हिसा?"

परत आलो तसा बॅग न उघडता एसी खोलला. जाळीवर बोटभर धूळ. मागे गोळ्यांचं एक रिकामं पाकीट, ओल धरून पत्र्याला चिकटलेलं. ते मी काढलं नाही. जाळी धुतली, परत लावली. आता एसी जास्त गार करतो आणि मला तेवढाच जास्त राग येतो... तसाच खाली गेलो, दुकानातून वहिनींना फोन लावला. म्हटलं, पाकीट सापडलं. पण खरं सांगा, माझ्या भाकरीने त्याला थोडं तरी बरं वाटलं असेल ना?

"भाऊजी, बरं त्यांना गोळीने वाटलं. भाकरीने पोट भरलं. आणि तुमची भाकरी जाड व्हायची, असं ते शेवटपर्यंत म्हणत होते."