सूनबाई म्हणाली, टॅकी

परवा आमच्या माजलगावच्या घरी महालक्ष्म्या जेवल्या आणि मी एक इंग्रजी शब्द शिकले... तोही भर हळदीकुंकवात!

यंदाची आरास मी एकटीने केली. किराण्याच्या खोक्यांचे खांब, त्यांना सोनेरी रंग, जुन्या जरीच्या साडीची झालर, वर लाल-निळ्या लुकलुकत्या माळा. विकत आणला तो फक्त रंग.

सूनबाई मृणाल पुण्यात वाढलेली, तिचा हा सासरचा पहिलाच सण. सकाळी आरास बघून म्हणाली, "छानच आहे आई... म्हणजे थोडं टॅकी, पण छान." मला वाटलं, टकाटकचंच हे इंग्रजी असणार. लई बरं वाटलं.

संध्याकाळी दर्शनाला येईल तिला मी सांगत सुटले, "सूनबाईनं पास केलंय. टॅकी म्हणाली!"

शेजारची कॉलेजातली पूजा फिसकन हसली. "अहो काकू, टॅकी म्हणजे भडक. हलक्या टेस्टचं!"

कोपऱ्यातून एक आजी लगेच बोलल्याच, "अगं बया, सासूच्या आराशीला नावं ठिवती व्हय?"

मृणालच्या हातात कुंकवाचा करंडा, चेहरा पांढराफटक. उद्या हे गल्लीभर झालं असतं आणि पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

ती कशीबशी म्हणाली, "टॅकी म्हणजे चिकट पण होतं... रंग ओला आहे, असं म्हणायचं होतं मला."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. रंग मी गणपती बसायच्या आधीच दिलेला. खडखडीत वाळलेला.

"तेच तर!" मी म्हणाले. "बायांनो, खांबाला टेकू नका. साड्यांना सोनं लागंल, मग मला बोलू नका."

हशा पिकला. आजींनी तर लगेच पदर सावरला.

सगळ्या गेल्यावर मृणाल जवळ आली. "आई, रंग वाळलाय ना?"

"वाळलाय. आन् भडक बी हाय. महालक्ष्म्या वर्षातून एकदा माहेरी येत्यात, त्यांच्यापुढं फिकं काय मांडायचं?"

ती हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "पण ती निळी माळ तरी काढू का?"

काढ म्हटलं... आणि खरं सांगते, मुखवटे जास्त उठून दिसले.

एका शब्दाला दोन अर्थ ठेवले हे देवीचेच उपकार. त्यातला कोणता चारचौघींत सांगायचा आणि कोणता घरात ठेवायचा, एवढं मॅट्रिकवर भागतं माझं.