ओसरीवरचा फ्रीज

आमच्या घराचा दरवाजा सव्वादोन फूट रुंद आहे, हे मला घर बांधून अकरा वर्षं झाल्यावर कळलं. मी बोरीच्या शाळेत गणित शिकवतो.

झालं असं, की ऐन उन्हाळ्यात आमच्या जुन्या फ्रीजनं मान टाकली. मंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "जिंतूरला जाऊन दुकानातून आणू." मी हसलो. (तेच माझं शेवटचं हसू!) "अगं, आता सगळं ऑनलाइन मिळतं. घरबसल्या!" मग स्वयंपाकघराचा कोपरा मोजला, उंची मोजली, प्लगपर्यंतची वायरसुद्धा मोजली आणि आलेखाच्या कागदावर रीतसर आकृती काढली. मोबाईलवर दोन उभ्या दारांचा, कपाटाएवढा फ्रीज निवडला.

आठव्या दिवशी टेम्पो आला. दोघा हमालांनी खोकं ओसरीवर चढवलं, फोडलं आणि फ्रीज दारापाशी नेला. तिथं तो थांबला. तिरका केला, आडवा केला, पाठमोरा केला. दर वेळी चार बोटं अडायचा!

"सर, आत जाईना हो हे. मापं घेतली होती का?" एका हमालानं विचारलं.

मी अभिमानानं आलेखाचा कागद पुढे केला. त्यानं तो उलटसुलट बघितला. "यात दाराचं माप कुठं हाय?"

"दाराचं... दार तर होतंच की!"

"मग आमी निघतो. आमचं काम दारापर्यंतच असतंय."

आणि निघालेसुद्धा! अण्णा, म्हणजे आमचे वडील, ओसरीवरच्या बाजेवरून हे सगळं सिनेमा बघावा तसं बघत होते. "घरबसल्या येणार म्हणला होतास ना? बसला की घराबाहेर!"

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक गोड आवाज आला. "वस्तूमध्ये काही दोष आहे का सर?"

"वस्तू चांगली आहे हो. दोष आमच्या दारात आहे."

"दार आमच्याकडूनच घेतलं होतं का सर?"

"नाही. गावातल्या सुताराकडून."

"मग तक्रार त्यांच्याकडे करावी लागेल सर. आणखी काही मदत करू?"

शेवटी खिडकीतून वायर काढून फ्रीज ओसरीवरच चालू केला. दोन दिवसांची सोय, दुसरं काय! पण पहिल्याच दुपारी शेजारच्या सुमनकाकू वाटी घेऊन आल्या. "मंदे, एवढं दही ठेवू का गं? लय आंबायलंय." संध्याकाळी त्यांचं पातेलं आलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या घरांच्या पाण्याच्या बाटल्या आल्या. कुणाचं दूध, कुणाचे गजरे, कुणाच्या म्हशीचं औषध! अण्णा शेजारी बसून कारभार बघू लागले. "घ्या, घ्या, पण दार आपटू नका!" तिसऱ्या दिवशी बसमधून उतरलेला एक पाहुणा थेट ओसरीवर आला, बाकड्यावर टेकला आणि मला म्हणाला, "एक थंड सोडा द्या. आन् जरा लवकर!"

मी सोडा नाही म्हटल्यावर तो रागावला. "मग दुकान कशाला उघडलंय?"

मंदाचा संयम तिथंच संपला. एक तर कोथिंबिरीच्या काडीसाठी तिला चारचौघांतून ओसरीवर यावं लागे. त्यात रविवारी तिचा भाऊ मानवतहून बायको-पोरांसकट आमरसाला यायचा होता. "माझ्या भावाला काय सांगू? स्वयंपाकघर रस्त्यावर न्हेलंय म्हणून? रविवारच्या आत फ्रीज आत आला न्हाई, तर तुमी बाहेर! त्याच्याशेजारी बाज टाकून देते!"

"बाज माझी हाय," अण्णा घाईघाईनं म्हणाले.

मी गफूरमिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी फ्रीज बघितला, मग दार, मग बराच वेळ मला. "मास्तर, तोडायचं काय? फ्रीज का भिंत?"

भिंत तोडली. दिवसभर घणाचे दणके चालले. घरातल्या भांड्यांवर, गाद्यांवर, देवांवर आणि माझ्या दहावीच्या पेपरांवर धुरळ्याचा थर बसला. शनिवारी दुपारी अख्ख्या गल्लीनं हात लावून फ्रीज आत ढकलला. वऱ्हाड आल्यासारखा गलका झाला! सुमनकाकूंनी त्याला हळदीकुंकू लावलं. मंदानं कोपऱ्यात उभ्या फ्रीजवरून हळूच पदर फिरवला आणि आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. खरं सांगतो, मला तेवढं पुष्कळ होतं.

रविवारी मेहुणे आले. ज्यांनी ज्यांनी हात लावला होता तेही जेवायला होते. थंडगार रस होता, कुरडया होत्या, पंगत रंगली होती. मेहुण्यांचं लक्ष मात्र सारखं त्या भल्यामोठ्या भगदाडाकडे जात होतं.

"दाजी, एवढं मोठं दार कशाला केलं हो?"

मी घास गिळून काहीतरी पटण्यासारखं सांगणार, तेवढ्यात अण्णा बोलले. "आमच्या मास्तरची अक्कल बाहेर राहिली होती. ती आत घ्यायची होती."

पंगत हसली. गफूरमिस्त्रींनी मात्र रसाची वाटी खाली ठेवली आणि अगदी गंभीरपणे मान हलवली.

"उसके वास्ते इत्ता बडा दरवाजा कायकू, अण्णा? किल्लीचं भोक बस होतं की!"