टँकरवाल्याचा उपवास
मुलांनो, आफ्रिकेतल्या खाणीसाठी ट्रकवाली कंपनी निवडायचं काम तुमच्याकडे आलंय आणि त्यातल्या एका कंपनीचे कागद फारच देखणे आहेत, असं काल फोनवर कळलं, म्हणून हे लगेच लिहिते. दुष्काळात आमच्या सोसायटीला गावासाठी पाण्याचा टँकर ठरवायचा होता आणि तुमचे आजोबा चेअरमन होते. मांजरसुंब्याचा एक ठेकेदार ताजा रंग दिलेला टँकर भरूनच दारात घेऊन आला. मला मात्र रंगाच्या वासाखाली रॉकेलचा वास येत होता. "वहिनी, गाडी लई भारी हाय, पाणी म्हंजे गंगा," चहा संपवत तो म्हणाला. आजोबांनी सहीसाठी पेन उघडलं. मी त्याच्याच टँकरचं पाणी तांब्यात घेतलं आणि गुळाच्या खड्यासोबत त्याच्यापुढे ठेवलं. गूळपाण्याला पाहुणा नाही म्हणत नाही. त्यानं गूळ खाल्ला, तांब्या नाकापर्यंत नेला आणि खाली ठेवला. "आज निर्जळी उपवास हाय, वहिनी." आजोबांनी रिकाम्या कपाकडे पाहिलं. "अन् चा कुणी पेला बे?" टँकर भरलेलाच परत गेला. दुसरा मिळेपर्यंत बायकांनी पाली गावाहून डोक्यावर पाणी आणलं आणि मला भरपूर बोल लावले. गावात आजही टँकर आला की पहिला पेला ड्रायव्हर पितो.